पाटलोणीला चामड्याच्या मुठी

वेलबर्न गावात गिडियन अॅम्सलरचं दुकान लोहाराच्या शेजारी होतं. घोड्यांचे लगाम आणि पट्टे शिवण्यात त्याचा जन्म गेला. माणूस मोजकं बोलायचा, पण एखाद्या कुलपाची किंवा घड्याळाची आतली गंमत कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बायको गेल्यावर घरात तो आणि मुलगा लॉरिन, दोघंच उरले. लॉरिन गावच्या कॉलेजात गेला तेव्हा बापाची छाती फुगली. त्याच कॉलेजनं फुटबॉलचा संघ काढला आणि लॉरिन त्यात शिरला, तेव्हा मात्र बापाचं डोकं फिरलं.

चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या गर्दीतून रेघेपलीकडे घुसायचा तो अमेरिकी खेळ तेव्हा नवाच होता. डोकं फुटू नये म्हणून पोरांनी उन्हाळ्यापासून केस वाढवले होते आणि गावचा न्हावी त्यांच्या नावानं बोटं मोडत होता. पलीकडच्या गावात एका खेळाडूची मान मोडल्याचं गिडियनच्या कानावर आलं होतं.

"तो धिंगाणा बघायला मी येणार नाही," त्यानं लॉरिनला बजावलं. "एकुलता एक आहेस. तुझी हाडं मोडताना मला बघवणार नाहीत."

आठवडाभरानं संघाचा कप्तान थॅड पर्सेल दुकानात आला.

"काका, लॉरिनच्या पाटलोणीला कमरेपाशी दोन मुठी शिवून द्याल? प्रवासाच्या पेटीला असतात तशा."

"माणसाला मुठी? कशाला?"

"तो अंगानं लहान आहे ना. चेंडू त्याच्याकडे द्यायचा आणि मुठी धरून त्याला गर्दीतून ओढून न्यायचं."

"आणि समोरच्यांनी त्याच मुठी धरल्या तर?"

थॅडनं डोकं खाजवलं. "हे सुचलं नव्हतं. पण त्यांना तरी कुठे सुचणार!"

गिडियननं नाही म्हणायला हवं होतं. पण माणसाला मुठीनं ओढतात तरी कसं, हा किडा एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. त्यानं मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्यानं, नांगराच्या घोड्यासाठी शिवावं तसं ते काम करून दिलं. शनिवारी कातडं आणायला जातो म्हणून दुकान बंद केलं आणि मैदानाकडेला उभ्या असलेल्या, टक नावाच्या खाटकाच्या गाडीमागे जाऊन तो लपला.

त्यानंतर एक शनिवार चुकला नाही. प्रश्न विचारून विचारून त्यानं टक खाटकाला भंडावून सोडलं.

"हे थांबतात कधी रे?"

"ज्याच्याकडे चेंडू, तो स्वतः 'डाऊन' म्हणून ओरडला की. तोवर ओढा, ढकला, तुडवा."

"आणि तो ओरडलाच नाही तर?"

"मग देवच त्याला वाली!"

घरी लॉरिन सुजलेला डोळा घेऊन जेवायला बसे. "जिंकलो," म्हणे. "मीठ दे इकडे," गिडियन म्हणे.

शेवटचा सामना कर्कहेवनशी होता. अगदी शेवटी, ओलांडली की जिंकलो अशी रेघ पावलाभरावर असताना चेंडू लॉरिनकडे आला. थॅडनं एक मूठ धरून ओढलं. आणि जे कोणाला सुचणार नव्हतं ते कर्कहेवनच्या दोन धिप्पाड पोरांना सुचलं. त्यांनी दुसरी मूठ धरली. गिडियननं उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच आपली शिवण उसवावी म्हणून देवाचा धावा केला. शिवण हटेना. लॉरिनचा चेहरा काळानिळा पडला, तरी पठ्ठ्या तोंड उघडेना.

"डाऊन!"

बापलेकांचा आवाज सारखाच. पंचाची शिटी वाजली. खेळ थांबला, वेळ संपली, वेलबर्न हरलं.

"जरा दम धरायचास ना!" थॅड लॉरिनवर खेकसला. "ओरडलास कशाला?"

गिडियन दोरीखालून वाकून मैदानात आला होता. त्यानं बोलायला तोंड उघडलं. बरगडी धरून बसलेल्या लॉरिननं त्याच्याकडे एकदा पाहिलं.

"श्वास कोंडला रे," तो थॅडला म्हणाला.

घरच्या वाटेवर गिडियनला राहवलं नाही. "तुला भित्रा म्हणतील ते. मी ओरडलो, हे उद्या सगळ्यांना सांगतो."

"ते राहू द्या. पण बाबा, तिथे 'डाऊन' ओरडायचं असतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"टकनं."

"कधी?"

"पहिल्या सामन्याला."

लॉरिन रस्त्यातच थांबला. "म्हणजे तुम्ही..."

"सगळे पाहिले. त्याच्या गाडीमागून."

लॉरिनला हसू फुटलं, बरगडीत कळ आली आणि तो कुंपणापाशी मटकन खाली बसला. "आणि मी वेडा! दर शनिवारी सांगायला जीव तुटायचा माझा. वाटायचं, यांना कुठे ऐकायचंय."

गिडियन हळूच त्याच्या शेजारी टेकला.

"मग आता सांग," तो म्हणाला. "अगदी पहिल्यापासून."