गरजेपेक्षा जास्त तेल

माझी आत्या सोळा वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होती. लोक नळजोडणीचे अर्ज आणत, ती ते तपासून फाइलला लावत असे. कामाबद्दल तक्रार नव्हती, प्रेमही नव्हतं. रोज पाच वाजतात म्हणून आपण जिवंत आहोत, असं ती म्हणायची आणि आम्ही हसायचो.

एकदा ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. ते कोणी न्यायचं यावर आठवडाभर टोलवाटोलवी झाली. शेवटी आत्यानेच ते काखोटीला मारून कोपऱ्यावरच्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी तिच्यासमोर ते उघडलं. ती दोन तास तिथेच उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, आत एवढा संसार चाललेला असतो आणि आपण बाहेरून नुसते दोन काटे बघतो.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटलं की आत्या दुकानात. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल, त्यावर चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग आणि झाकण घालून ठेवलेल्या काचेच्या वाट्या. घड्याळजी सत्तरीचे, एकटे. ती त्यांना काका म्हणायची. पहिलं वर्ष त्यांनी तिला नुसते स्क्रू काढायला आणि लावायला दिले. माझे बाबा बहिणीला टोमणे मारायचे की लग्नाला वेळ नव्हता, घड्याळांना बरा आहे. ती म्हणायची, "घड्याळ बिघडलं तर उघडून तरी बघता येतं, दादा."

गंमत म्हणजे तिला ऑफिसचं कामही आवडू लागलं. अर्जातली चूक ती आता भिंगातून बघितल्यासारखी शोधायची, न रागावता. तिचा चेहराच उजळला होता.

तिसऱ्या वर्षी काका म्हणाले, "हात बसला तुझा. तिकडे कशाला कुजतेस?"

तिने राजीनामा दिला. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

पुढच्याच महिन्यात काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस दुकान तिने एकटीने चालवलं. अकरा मनगटी घड्याळं तिने साफ केली, तेल दिलं, गिऱ्हाइकांना दिली. त्या आठवड्यात ती जेवतानाही गुणगुणत होती.

पाच महिन्यांनी त्यातलं पहिलं घड्याळ परत आलं. मागे पडतंय, अशी तक्रार. मग दुसरं आलं, तिसरं, चौथं. आत्याने आधी तेलाच्या बाटलीला दोष दिला. पण त्याच बाटलीतलं तेल आधीही वापरलं होतं, नंतरही. परत येत होती ती फक्त त्या आठ दिवसांतली. तिने एक उघडलं. आतल्या चाकांचे आस ज्या इवल्याशा माणकाच्या खड्यांवर फिरतात, तिथे सुईच्या टोकाला जेमतेम दिसेल एवढंच तेल लागतं. इथे ते ओघळून चाकांवर पसरलं होतं, त्यात धूळ बसून चिकटा झाला होता. नवशिक्यांची ही ठरलेली चूक. यंत्रावर जीव जडला की हात सैल सुटतो.

मग त्याआधीची आणि नंतरची तिच्या हातची घड्याळं नीट कशी चालली?

तिने काकांना विचारलं. ते भिंग पुसत बसले. मग म्हणाले, सकाळी तू यायच्या आत मी उघडायचो. तेल पुसून पुन्हा द्यायचो.

"सगळी?"

"बहुतेक."

"मला सांगितलं का नाही?"

"हिरमुसली असतीस. गेली असतीस परत. दुकानात कोणी बोलायला नव्हतं गं."

"हिरमुसले असते, काका. पण मग शिकले असते."

एवढंच बोलून ती उठली. भिंग तिचं स्वतःचं होतं, तेही तिने टेबलावर ठेवलं.

ऑफिसात तिची जागा भरली गेली होती. बाबांनी या वेळी टोमणा मारला नाही; तेच तिला जास्त लागलं असावं. तिने भंगारवाल्याकडून मेलेली घड्याळं आणली आणि घरातच खिडकीशी टेबल मांडलं. तेल द्यायचं, तारीख चिकटवायची, वाट बघायची. पहिल्या खेपेची सगळी बंद पडली. दुसऱ्या खेपेची निम्मी. कोणाला दाखवत नव्हती, विचारत नव्हती. काकांनी दोनदा निरोप पाठवला. ती गेली नाही.

आज तिच्याकडे लांबून घड्याळं येतात. काम सोडवत नाही तिला. आम्ही जेवायला हाक मारतो, ती "आलेच" म्हणते आणि येत नाही.

मागच्या महिन्यात मी तिला सांगितलं, तू दुरुस्त केलेलं माझं घड्याळ दोन वर्षांत एकदाही मागे पडलेलं नाही. वाटलं, खूश होईल. तिने माझा हात ओढून घेतला, घड्याळ काढलं, भिंग लावून मागचं झाकण उघडलं. तेल कुठे ओघळलंय का, ते बराच वेळ बघत राहिली.

"ठीक आहे," ती म्हणाली. मला नव्हे, बहुधा.