वरच्या थरातला आंबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून आमच्या घरात काही लपत नाही, देवाशपथ.

देवगडात माझी हापूसची बाग आहे. सकाळी बाजारातल्या हॉटेलात चहाला बसलो की माझं तोंड सुटतं. पुढारी चोर, कंत्राटदार चोर, व्यापारी तर महाचोर! बागेच्या उत्पन्नावर मी एक पैसा कर भरत नाही — पण "आमच्या कराच्या पैशांवर चैन करतत मेले" असं सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडतं? मीच. आणि इतकं ओरडल्यावर आपण सच्चे आहोत असं आपल्यालाच वाटायला लागतं, हा त्यातला खरा वैताग.

मग एका वर्षी मोहोर गळला. पुण्याच्या गिऱ्हाइकांना पेट्या कबूल केलेल्या — नाही म्हणायला जीभ रेटेना. हायवेवरच्या तळेऱ्याला कर्नाटकचा आंबा उतरतो हे इथे कुणाला ठाऊक नाही? टेम्पो घेऊन गेलो. पेटीत खाली तो आंबा, मध्ये पेंढा, वरच्या थरात माझा. झाकणावर "अस्सल देवगड". चोर चोर म्हणून बोंबलणारा मी — हे सगळं स्वतःच्या हातानं भरलं.

पुण्याच्या एक बाई सगळ्या सोसायटीसाठी माझ्याकडून पेट्या मागवायच्या. त्यांनी ओळखलं. फोनवर अशा काही तापल्या की विचारू नका. मग मी काय बोललो असेन?

म्हटलं, माल कमी पडला म्हणून शेजारच्या हसनभाईंकडून घेतला, त्यांनीच भेसळ केली.

हसनभाईंची बाग माझ्या दगडी गडग्याला लागून. वडील गेले तेव्हा मला कलमं राखायला शिकवली ती त्यांनी. त्या वर्षी त्यांचा एक आंबासुद्धा मी घेतला नव्हता.

"हसन का? मग बरोबर," बाई म्हणाल्या. पुढे एक प्रश्न नाही! आणि तो येणार नाही हे मला माहीत होतं — खोटं कशाला बोलू? पलीकडच्या बाळूचं नाव का नाही घेतलं मी? बाळूचं घेतलं असतं तर बाईंनी दहा गोष्टी विचारल्या असत्या.

ते सोसायटीच्या ग्रुपवर गेलं, तिथून कुठे कुठे, आणि फिरत फिरत, वाटेत माझं नाव गळून, आमच्या हॉटेलात आलं. सगळे तावातावानं बोलत होते. त्या दिवशी तेवढा मी गप्प बसून चहा ढवळत होतो. अरे, तोंड नव्हतं का मला? रोज कुठून फुटायचं?

हसनभाईंची गिऱ्हाइकं तुटली. पुढच्या हंगामात ते माझ्या खळ्यात येऊन उभे राहिले.

"माझ्या नावाची पेटी आता कोण घेणा नाय रे. खंयच्या मेल्यान उठवल्यान, काय म्हायत! तुझ्या नावान जाऊंदे."

तेव्हापासून त्यांचा आंबा माझ्या पेटीतून जातो. वर मी दलाली घेतो — हो, तीसुद्धा.

यंदा त्याच बाईंचा फोन आला. आंबा फार सुरेख होता म्हणाल्या. मग जरा आवाज उतरवून विचारलं, "त्या हसनचा नाही ना?"

"छे हो," मी म्हटलं, "माझ्याच बागेतला."

हसनभाई समोर बसून पेटीत पेंढा घालत होते.