शेवटचा गडी

माझ्या नवऱ्याला एखादा निर्णय नकोसा असला की तो माझ्यावर ढकलतो आणि वर माझं कौतुकही करतो. लंडनमधल्या पिनरच्या आमच्या किचनमध्ये त्या शनिवारी तेच झालं. मुलगा युनिव्हर्सिटीतून वीकेंडला आला होता. जेवताना म्हणाला, जर्मनीतल्या अमेरिकन फुटबॉलच्या एका प्रोफेशनल टीमने ट्रायलला बोलावलंय. घेतलं तर लगेच तिकडे राहायला जायचं, म्हणजे फार्मसीचं शेवटचं वर्ष अर्ध्यावर सोडायचं.

मला वाटलं, आता भडका उडणार. पण साहेब वरणभात कालवत शांतपणे म्हणाले, "तुझी आई कबड्डी खेळलेली आहे. तिने मॅच बघून सांगावं, तुझ्यात तेवढा दम आहे का. ती म्हणेल ते फायनल." मी नाहीच म्हणणार, याची त्याला खात्री होती. लबाड कुठला!

कबड्डीचं खरं होतं. मिरजेला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना राज्याच्या निवड चाचणीला माझं नाव गेलं होतं. वडील म्हणाले, "गुडघा फुटला तर डॉक्टरकी कोण करणार?" विषय संपला. पुढे इंग्लंडात आल्यावर मराठी मंडळी जमली की मी हटकून सांगायची, "मला पाठवलं असतं ना, तर मी महाराष्ट्राकडून खेळले असते." नवऱ्याला ते वाक्य पाठ होतं. मी तोंड उघडलं की तो चकलीकडे वळायचा.

पण या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हेल्मेटं घालून पोरं एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते आणि मग सगळे उभे राहून गप्पा मारतात, एवढंच. मुलाने टेबलावर वाट्या मांडून समजावलं आणि लोणच्याची बरणी पार मागे सरकवली. "हा मी. सेफ्टी. मला चुकवून कोणी बॉल घेऊन गेला, की पुढे कोणीच नाही."

"म्हणजे शेवटचा गडी."

"येस, तेच. पण आई, खरा सांग हं. आईसारखा नको." इथे वाढलेला, त्याचं मराठी असंच.

जाताना तो मॅचच्या टेप्स ठेवून गेला. सर्जरीतून, म्हणजे दवाखान्यातून, परत आले की चहा घेऊन मी बसायची, पुढे-मागे करत बघायची. हळूहळू मला त्याचा नादच लागला. आमचे कबड्डीचे सर सांगायचे, हात हूल देतात, पाय हूल देतात, कंबर कधी देत नाही. तू कंबर बघ. इथे समोरचा गडी डावीकडे फेकल्यासारखं करायचा, झाडून सगळे तिकडे धावायचे, आणि आमचं ध्यान जागचं हलायचं नाही! लहानपणी मागच्या गार्डनमध्ये मी त्याला दमवायला कबड्डी खेळायची, तेवढंच काय ते शिक्षण. ऊर भरून आला माझा.

मग तिसऱ्या टेपमध्ये एक काटकुळा पोरगा त्याच्या बाजूने निसटला. आमचा वेळेवर वळला होता, चूक काहीच नव्हती. दोघं धावत सुटले आणि मधलं अंतर वाढतच गेलं. मी पुन्हा लावून पाहिलं. वाईट रिपोर्ट आपण पुन्हा वाचतो ना, तसं. पाय कमी पडत होते, बस्स.

तरी एकदा डोळ्यांनी बघू म्हणून आम्ही दोघं मॅचला गेलो. चिखल, बोचरा वारा, फोल्डिंगच्या खुर्च्या, थर्मास आणि चिवडा. एक रेड्यासारखा गडी बॉल घेऊन त्याच्यावर चालून आला आणि मला राहवलं नाही. "पाय धर! अरे, पाय धर त्याचा!" सगळं मैदान वळून बघायला लागलं. पण त्याने पाय धरला, आणि तो डोंगर आडवा झाला. शेजारच्या इंग्लिश बाईंनी विचारलं, काय म्हणालात? मी म्हटलं, तब्येतीला जप म्हणाले.

मॅच संपल्यावर कोचला गाठलं. ते स्वतः अमेरिकेत कॉलेजात खेळलेले. म्हणाले, "खेळ त्याला आधी दिसतो. पण तिकडे तो सगळ्यांनाच आधी दिसतो, आणि ते पळतातही जास्त." माझ्या मनात होतं तेच. ऐकताना वाईट वाटायचं ते वाटलंच.

कारपार्कात मुलगा समोर उभा राहिला, कानापर्यंत चिखल. "सांग."

"डोकं आहे, पकड आहे. वेग नाही. तुला घेणार नाहीत."

त्याची मान खाली गेली. नवऱ्याने किल्ली काढली.

"पण तू जा," मी म्हटलं.

"अगं!" नवरा ओरडलाच. "घेणार नाहीत म्हणतेस आणि पाठवतेस कशाला?"

"ते त्यांनी सांगू दे त्याला. मी कोण? तूच म्हणालास ना फायनल? मग झालं." असं का म्हणाले, ते मलाही तेव्हा धड सांगता आलं नसतं.

मुलगा जर्मनीला गेला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. "आई, नाही झाला. सगळे फास्ट होते. काय फास्ट होते, आई!" आवाज ओला होता, पण त्यात नवलही होतं. मग डिग्री पुरी केली, नोकरीला लागला.

त्या दिवाळीत रीडिंग गावी आमच्या एका मित्राकडे जेवायला जमलो होतो. कोणीतरी त्याला विचारलं, "काय रे, त्या फुटबॉलचं काय झालं?"

"ट्रायलला गेलो होतो. त्यांनी घेतला नाही," तो म्हणाला आणि श्रीखंडाचं भांडं पुढे सरकवलं. बस, एवढंच. चेहऱ्यावर काही नाही.

"तुमच्यावरच गेलाय हो, वहिनी," यजमान म्हणाले. "तुम्हीही कबड्डी खेळायचात ना?" नवरा सवयीने चकलीकडे वळला. मी तोंड उघडलं, आणि मला पोराचा हेवा वाटला. त्याला खेळ बघून नाही म्हणणारं कोणीतरी भेटलं होतं.

"हो, कॉलेजात," मी म्हटलं, आणि श्रीखंड वाढून घेतलं.

नवरा हातातली चकली तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला.