अनंतासाठी कुणी रडायचं

ऑफिसात डबा उघडून बसलो होतो, तेवढ्यात फोन आला. पलीकडे गिरगावचे पुढारी बाबुराव. "फार दुःखद बातमी आहे," ते म्हणाले, "आपल्या वीरमाता गेल्या." कोण गेलं ते मला कळेचना. मी विचारलं, "कोण वीरमाता?" जरा दुखावलेल्या सुरात उत्तर आलं, "अहो, तुमच्या आत्या. सुमतीबाई." सकाळी दुधासाठी दार उघडलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी ढकलून पाहिलं, तर ती झोपेतच गेली होती. शोकसभा कधी, कुठे, हे बाबुरावांनी त्याच फोनवर ठरवूनही टाकलं. रिसीव्हर ठेवला तेव्हा मला आधी आला तो राग, रडू नंतर आलं. ज्या शब्दाला तिने कधी उंबरा ओलांडू दिला नाही, त्याच शब्दाने तिच्या मरणाची बातमी यावी... या गोष्टीला आता काही आठवडे झाले. राग उतरलेला नाही, म्हणूनच लिहायला बसलो आहे.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर तिची खोली. नवरा लवकर गेला. शिवणाचं मशीन आणि अनंत नावाचा मुलगा, एवढाच तिचा संसार. अख्खी चाळ तिच्याकडून पोलकी शिवून घ्यायची आणि वर बोलणी खायची. एखादी म्हणाली, "सुमतीबाई, पोलकं घट्ट झालंय हो," तर ही मान वर न करता म्हणायची, "पोलकं होतं तेवढंच आहे. तू बघ आरशात." ती काही संतीण नव्हती. सोवळंओवळं कडक, जीभ तिखट, आणि शेजारच्या जयाबेनशी तर नळावर रोजचं भांडण. जयाबेन गुजराती. नवरा कापडबाजारात गुमास्ता, मूलबाळ नाही. पण अनंत लहान असताना आत्या कापडं द्यायला बाहेर पडली की तो जयाबेनच्या खोलीत असायचा. त्याला ठेपल्यांची सवय लागली म्हणून ही चिडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याला तिथेच सोडून जायची.

मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांचा गोळीबार झाला त्या दिवशी अनंत पोलक्यांचे हुक आणायला बाहेर पडला होता. एकोणीस वर्षांचा, छापखान्यात नुकता लागलेला. हुक घेतले, आणि गर्दी दिसली म्हणून तिकडे वळला. मोर्चात होता का, तर होता. त्या दिवसांत कोण नव्हतं? मीही घोषणा दिल्या आहेत. मुंबई महाराष्ट्राची, यात मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. पण अनंताने छाती पुढे केली वगैरे जे आज सांगितलं जातं, ते खोटं आहे. त्याच्या अंगावरचा शर्ट आत्यानेच शिवलेला होता. तो परत मिळाला तेव्हा तिने मांडीवर पसरून पाहिला. भोक पाठीला होतं. पोरगं जीव घेऊन पळत होतं आणि पळणाऱ्याला मारलं. ज्यांनी मारलं त्यांच्याविषयी माझ्या मनात जे आहे ते इथे छापता येणार नाही. आणि नंतर ज्यांना पळणारा अनंत चालेना, ज्यांनी त्याला मेल्यावर तोंड फिरवून उभा केला, त्यांच्याविषयीही माझं मत फारसं वेगळं नाही.

पण ते पुढचं. पहिले दिवस तसे नव्हते. अनंताला नेलं तेव्हा लालबाग-परळहून गिरणी कामगार चालत आले होते. त्याला खांदा देणाऱ्यांत निम्मी माणसं आम्ही कधी पाहिलेली नव्हती. कोण कुठला, कुणाच्या जातीचा, कुणी विचारलं नाही. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, बाहेरूनच जेवण येतं. कर्फ्यूत नातेवाईक अडकून पडले होते, म्हणून आत्याच्या घरी रोज खिचडी-कढी आली ती जयाबेनकडून. आणि जी आत्या कुणाच्या हातचं पाणी घेत नसे, ती परळच्या एका दलित बाईच्या हातून पेलाभर पाणी निमूट प्यायली. त्या बाईचाही भाऊ त्याच दिवशी गेला होता. दोघी भिंतीला टेकून बसून होत्या. त्या आठवड्यात महाराष्ट्र म्हणजे काय असं मला कुणी विचारलं असतं, तर मी त्या दाराकडे बोट दाखवलं असतं.

काळ्या झेंड्यांचं त्याच आठवड्यात निघालं. प्रत्येक गॅलरीवर काळा झेंडा लावायचा. दुकानं बंद, काळं कापड मिळेना. मग लोकांनी जुन्या छत्र्या काढल्या, पावसाळ्याला अवकाश होता. सुतकात मशीनला हात लावू नये म्हणतात, पण आत्या बसली. एकेक जण आपली छत्री आणून द्यायचा. ती कापड काड्यांवरून उसवायची, चौकोन कापायची, कडा मुडपून शिवायची. पहिली छत्री जयाबेनने आणली होती, नवऱ्याची, चांगली धडधाकट. आत्या म्हणाली, "अगं, ही नवी आहे." जयाबेन म्हणाल्या, "तर काय झालं? माझा पण दीकरा होता तो." त्या मजल्यावर पहिला झेंडा लागला तो जयाबेनच्या गॅलरीत. दुसरा आत्याच्या.

मग महिने गेले आणि वारं फिरलं. फिरलं म्हणजे आम्हीच फिरवलं. दुःख होतं तोवर सगळ्यांचं होतं, त्याची निष्ठा झाली तशी तिची तपासणी सुरू झाली. कुणाचं दुकान हरताळाला उघडं होतं, कुणी घोषणा देताना ओठ हलवले नाहीत, कुणाचा भाऊ कुठल्या शेटजीकडे कामाला... दगड कुठल्या खिडकीवर पडतो यावरून शेजारी कोण आहे ते कळू लागलं. एका दुपारी बाबुराव चार पोरं घेऊन मजल्यावर आले. तेव्हा ते बाबुराव नव्हते, बाब्या होते, आणि त्यांच्या मुंजीची टोपी आत्यानेच शिवली होती. त्यांनी जयाबेनच्या गॅलरीतला झेंडा उपटला. "गुजराथ्यांनी आमच्या हुतात्म्यांच्या नावानं ढोंग करायचं कारण नाही," असं म्हणाले. जयाबेन दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

मी त्या दिवशी आत्याकडे जेवायला आलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आत्या हातातली कात्री खाली ठेवून उठली. आपल्या गॅलरीत गेली, स्वतःचा झेंडा सोडला आणि आणून त्याच्या हातात दिला.

"हाही ने," ती म्हणाली.

"आत्याबाई, तुमचा कशाला? तुम्ही तर अनंताच्या आई."

"आई आहे म्हणूनच सांगते. माझ्या मुलासाठी कुणी रडायचं, ते तू नाही ठरवायचं, बाब्या."

बाब्याला तो झेंडा खाली टाकवेना आणि हातातही धरवेना. शेवटी त्याने तो काखेत मारला आणि जिना उतरला. पोरांनी खाली जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत चाळीत शब्द फिरला होता, फितूर. ज्या बाईचा मुलगा गोळीने मेला ती फितूर, आणि तिचा झेंडा काखेत मारून नेणारा देशभक्त. पोलकी यायची बंद झाली. चौथ्या खोलीतल्या बाईने अर्धं शिवलेलं कापड परत नेलं, टाके तसेच ठेवून. आत्याने धुतलेली गॅलरी कुणीतरी मुद्दाम घाण करू लागलं. मी आत्याला म्हटलं, दादरला आमच्याकडे ये. म्हणाली, "का? मी काय चोरी केली आहे?" जयाबेन मात्र टिकल्या नाहीत. खिडकीवर दुसऱ्यांदा दगड आला तेव्हा नवऱ्याने घाटकोपरला जागा बघितली. सामान खाली जाताना चाळ गॅलरीत उभी होती, मदतीला कुणी आलं नाही. नळावर जिच्याशी जन्मभर भांडली, तिची कळशी आत्याने स्वतः खाली नेऊन दिली.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. गल्लीत तोरणं, कंदील, साखर. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू? त्या दिवशी दुपारी बाबुराव आत्याच्या दारात हार घेऊन उभे. आता फितूर कुणी म्हणत नव्हतं, आता हुतात्म्याची आई व्यासपीठावर हवी होती. "पहिल्या रांगेत खुर्ची आहे," ते म्हणाले. आत्याने विचारलं, "दोन ठेवशील? एक जयाबेनसाठी. मी निरोप पाठवते, ती येईल." बाबुराव हसले. म्हणाले, "आत्याबाई, आजच्या दिवशी कशाला तो विषय?" ती म्हणाली, "मग माझाही विषय नको." आणि आत जाऊन भात टाकला. खालून लाउडस्पीकरवर ऐकू येत होतं, या मातेने आपला पुत्र महाराष्ट्राला अर्पण केला. आत्या मला म्हणाली, "मी कुणाला दिला नाही रे. माझा मारला." आवाज चढवला नाही तिने. मला मात्र खाली जाऊन त्या लाउडस्पीकरची तार ओढून तोडावी असं वाटत होतं.

शोकसभेतही तेच वाक्य. अर्पण केला. आता बाबुरावांचं वजन वाढलं आहे, मागे दोन माणसं उभी असतात. मी उठून म्हटलं की तिने अर्पण केला नव्हता, तो हुक आणायला गेला होता. लोक माझ्याकडे दुःखाने वेडा झालेला माणूस म्हणून पाहत होते. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

अनंताची तिथी पौषात येते. आत्या त्या दिवशी भटजी बोलवत नसे, वालाचं बिरडं करायची, कारण अनंत त्यावर तुटून पडायचा. घाटकोपरला गेल्यापासून जयाबेन दरवर्षी आदल्या दिवशी यायच्या. दोघी फरशीवर परात घेऊन वाल सोलत बसायच्या, भांडत. तू सालं ठेवतेस, तू दाणा मोडतेस. गेल्या आठवड्यात तिथी आली. खोलीची किल्ली अजून माझ्याकडे आहे, म्हणून मी जाऊन नुसता बसलो होतो. जयाबेन आल्या त्या डब्यात सोललेले वाल घेऊन. यंदा एकटीनेच सोलले म्हणाल्या. आत्याच्या चुलीवर त्यांनी बिरडं केलं, भात केला, पान वाढलं.

खाली त्याच वेळी स्मृतिदिनाचा मंडप होता. बाबुराव भेटायला वर आले. हात जोडून जयाबेनना म्हणाले, "मावशी, आपण अनंताच्या कोण?"

त्यांनी ओळखलं नव्हतं. जिचा झेंडा उपटला तिचा चेहराही त्यांना आठवत नव्हता. मी बोलणार होतो, पण जयाबेनने माझ्याकडे पाहिलं आणि मी थांबलो.

"शेजारीण," त्या म्हणाल्या.

"वा. असे शेजारी हवेत," बाबुराव म्हणाले, आणि भाषणाला उशीर होतो म्हणून उतरले.

मी दार लावून घेतलं. खाली अनंताच्या नावाचा जयजयकार सुरू झाला, भिंतीतून येत राहिला. जयाबेन पहिल्या घासाला रडायला लागल्या, पदर न लावता, मोठ्याने. मी त्यांना रडू दिलं. मग त्यांनीच डोळे पुसले, माझ्या पानात आणखी बिरडं वाढलं, आणि आम्ही जेवलो.