माप, वजन आणि दत्तोपंत मास्तर

आदरणीय दत्तोपंत मास्तर येत्या महिन्यात साठ वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त समारंभ होणार असून तेव्हा निघणाऱ्या या गौरवग्रंथात मीही काही लिहावे असे समारंभाच्या मंडळींनी सुचवले, तेव्हा मी आधी नको म्हटले. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. जव्हारच्या कचेरीत मी नकलनवीस आहे. दुसऱ्यांनी लिहिलेले स्वच्छ अक्षरात उतरवणे एवढेच माझे काम. स्वतःचे लिहिण्याची सवय नाही. तरी हा लेख पुन्हा पुन्हा तपासला आहे. चूक राहिली असेल तर ती माझी समजावी, मास्तरांच्या शिकवणीची नव्हे.

मास्तरांशी माझी ओळख झाली ती एका चुकीच्या शब्दामुळे. संस्थानातून बदलून गेलेल्या एका इंजिनियर साहेबाने जाताना आपली हवेची बंदूक शाळेला दिली. मोठ्या मुलांना नेमबाजी शिकवण्याचे काम चित्रकलेच्या मास्तरांकडे, म्हणजे दत्तोपंतांकडे आले. त्या हुकुमाची नक्कल घेऊन मी शाळेत गेलो. मास्तरांनी कागद वाचला आणि मला बसायला सांगितले. कचेरीत मला कोणी कधी बसायला सांगत नाही, त्यामुळे मी बाकाच्या टोकावर कसाबसा टेकलो.

"तुम्ही 'बंदुक' ऱ्हस्व लिहिलीत," मास्तर म्हणाले. "बंदूक दीर्घ. पण 'बंदुकीने' म्हटलं की पुन्हा ऱ्हस्व. मागे शेपूट लागलं की शब्दाचं माप बदलतं. कळलं?"

मी मान हलवली. मास्तर उठले. "चला, शब्दाचं माप झालं. आता छर्ऱ्याचं माप दाखवतो."

मी जामसरच्या शेतकऱ्याचा मुलगा. जव्हारात मला 'तुम्ही' म्हणणारे ते पहिलेच गृहस्थ.

शाळेच्या मागे मातीचा उंच बांध आहे. त्याला टेकवून फळी ठेवलेली असे आणि फळीवर काळे वर्तुळ. या बंदुकीत दारू नसते. दाबलेली हवा सुटते आणि शिशाचा लहानसा छर्रा पुढे ढकलते. एका डब्यातले सगळे छर्रे दिसायला सारखे, पण मास्तर प्रत्येक छर्रा अंगठ्याने नळीच्या तोंडाशी बसवून पाहत. सैल बसला तर हवा त्याच्या कडेने निसटते आणि तो नळीतच डगमगतो. फार घट्ट बसला तर हवेचा जोर त्याला हलवण्यातच संपतो. न ढकलता आत जाणारा नको, ठोकून बसवावा लागणारा नको. मधला हवा. मुलांनी घाई केली की मास्तर म्हणत, "नेम डोळ्यांनी धरायच्या आधी अंगठ्यानं धरा."

मास्तरांचा एक नियम मंडळींना ठाऊक आहेच. जिवंत प्राण्यावर बंदूक रोखायची नाही. एकदा एका बड्या पाहुण्यांनी शाळा पाहता पाहता पिंपळावरच्या पोपटाकडे बोट केले आणि "मास्तर, होऊन जाऊ द्या" असा आग्रह धरला. नाही म्हणणे अवघड होते. मास्तरांनी खिशातला छर्रा काढला, झाडाकडे पाहिले, पुन्हा छर्ऱ्याकडे पाहिले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "क्षमा असावी. हा पोपटाच्या मापाचा नाही." पाहुणे हसले आणि पोपट वाचला.

त्या बांधाजवळ रोज संध्याकाळी दुसरे एक गृहस्थ येत, ते म्हणजे दवाखान्याचे कंपाउंडर कृष्णाजीराव. दोघेही विधुर, दोघांनाही मूलबाळ नाही. कृष्णाजीरावांचे मत असे, की नेम साधतो तो वजनाने. ते घरून स्वतःचा छोटा काटा आणत आणि छर्रे तोलून वेगवेगळ्या पुड्या बांधत.

"मास्तर, हलका छर्रा म्हणजे उनाड पोर. वारा नेईल तिकडे जाणार."

"आणि तुमचा जड छर्रा नळीत सैल बसला, तर उंबऱ्यातच ठेच खाणार."

"खाऊ दे. ठेच खाऊनही सरळ जाईल. वजनदार माणूस आहे तो."

"म्हणजे तुमच्यासारखा?"

"आम्ही वजनदारच! तुम्ही बघा, एक दिवस वाऱ्यानं उडून सूर्यमाळच्या डोंगरावर जाऊन पडाल."

असे अंधार पडेपर्यंत चाले. मी बांधावर बसून ऐकत असे. जव्हारात मला दुसरीकडे कुठे बसायला नव्हते.

एका दसऱ्याला या दोघांची चढाओढ ठरली आणि ती पाहायला गाव जमले. त्या साली पाऊस फार लांबला होता. आपल्याकडच्या दमट हवेत शिशावर बुरशीसारखी पांढरी भुकटी धरते, तशी डब्यातल्या छर्ऱ्यांवर धरली होती. कृष्णाजीरावांनी जड छर्ऱ्यांची पुडी सोडली. त्यांचे सगळे छर्रे काळ्या वर्तुळाच्या खाली गेले. लोक हसू लागले. मास्तरांनी टेबलावरचा पांढुरका डबा उचलून सर्वांना दाखवला आणि म्हणाले, "कंपाउंडर, तुमच्या काट्यानं छर्रे नाही, बुरशी तोलली!"

रोज चालणाऱ्या थट्टेतलीच ती एक थट्टा होती. पण रोज ऐकायला मी एकटा असे, त्या दिवशी गाव होते. दुसऱ्या दिवसापासून बाजारात कृष्णाजीरावांना 'बुरशी कंपाउंडर' असे नाव पडले. औषध घ्यायला आलेली पोरेसुद्धा दाराआडून हाक मारून पळत. काही महिन्यांत त्यांनी स्वतः अर्ज करून मोखाड्याला बदली मागून घेतली. जाताना ते मास्तरांना भेटले नाहीत.

यानंतरचे लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. गौरवाच्या लेखात चांगलेच लिहायचे असते. पण मास्तरांनी स्वतः सांगितले आहे म्हणून लिहितो.

मास्तर बांधाकडे जात राहिले. मुले घरी गेली की एकटेच छर्रे बसवत, एकटेच फळीपर्यंत चालत जात, छिद्रे पाहून परत येत. मधेच काही बोलत आणि उजव्या हाताला वळून पाहत. तिथे कोणी नसे. मी डाव्या हाताला असे. मला त्या वादातले पुरेसे कळत नसे. घरी गेलो असताना आईला हे सांगितले, तर तिने दळता दळता जाते थांबवले. "रांधतो एकला, खातो एकला. मंग तुझा मास्तर बोलतो कोनाशी?"

मग एका हिवाळ्यात मास्तरांनी सोनाराकडून काटा मागून आणला. हाताची थरथर नको म्हणून बंदूक वाळूच्या पोत्यांत रुतवून ठेवली. आधी अंगठ्याने एकाच मापाचे छर्रे निवडले, मग ते तोलून हलके वेगळे काढले आणि जड वेगळे. वारा पडल्यावर झाडले. हलके छर्रे वर्तुळाच्या वर एका ठिकाणी लागले. जड छर्रे खाली, पण तेही एकाच ठिकाणी. माप सारखे, नेम सारखा, फरक फक्त वजनाचा.

मास्तरांनी फळीवरच्या दोन्ही ठिकाणांवर अंगठा ठेवून पाहिला. "महादेव," ते मला म्हणाले, "माप चुकलं तर छर्रा कुठेही जातो. वजन बदललं तर तो वर नाही तर खाली जातो. दोन्ही पाहायला हवं. त्या दसऱ्याला कंपाउंडरांचे छर्रे आठवतात?"

"सगळे खाली लागले होते."

"सगळे खाली, आणि सगळे एकमेकांना चिकटून. ते चुकलेच नव्हते हो. नेम थोडा वर धरला असता तर सगळे वर्तुळात होते. आणि मी चित्रकलेचा मास्तर! फळी समोर असून मला दिसलं नाही." मग फळी उतरवत ते म्हणाले, "आता हे सांगू कोणाला?"

या लेखाचे ठरले तेव्हा मी मास्तरांना विचारले की काय लिहू. ते म्हणाले, "माझ्याबद्दल काय ते लिहा. पण वजनाची बाजू खरी होती, हे अवश्य लिहा. चार लोकांत बोललो होतो, तर चार लोकांतच मागं घ्यायला हवं." म्हणून येथे स्पष्ट लिहितो: कृष्णाजीरावांविषयी दसऱ्याला बोललेले शब्द दत्तोपंत मास्तर या ग्रंथातून, सर्वांसमोर, मागे घेत आहेत.

हे छापण्यापूर्वी कृष्णाजीरावांना कळावे म्हणून मी मोखाड्याला गेलो. ते औषधाच्या बाटल्या पुसत होते. मी येथवरचा लेख वाचून दाखवला. ते पुसतच राहिले.

"मी ते छर्रे घरी फडक्यानं पुसले होते," ते म्हणाले. "एकेक पुसून मग तोलले होते. तेवढं कोणी विचारलं नाही." मग त्यांनी बाटली खाली ठेवली. "त्यांनी झाडले तेव्हा वारा होता का रे?"

"पडला होता."

"पडल्यावर काय कळणार डोंबल! वारा असताना झाडायला हवे होते. वजनाची खरी गंमत वाऱ्यात आहे. आणि पोती ओली होती की कोरडी?"

"कोरडी."

"मग बंदूक सरकली असणार. मास्तरांना काही म्हणजे काही समजत नाही!" ते उठून खोलीत येरझारा घालू लागले. मी समारंभाचे आमंत्रण पुढे केले. त्यांनी ते घेतले नाही. "त्या दिवशी नाही येणार. हार, भाषणं, गर्दी. मला पुन्हा गर्दीत उभं करू नका. दुसऱ्या दिवशी येतो. संध्याकाळी, शाळेमागे." हे कोणाला सांगू नको, असे त्यांनी म्हटले नाही. म्हणून येथे लिहिण्यास हरकत नसावी असे समजतो.

पूज्य दत्तोपंत मास्तरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि त्यांचा अंगठा असाच स्थिर राहो, ही ईश्वरचरणी प्रार्थना. समारंभाला सर्व मंडळींनी अगत्य यावे. मात्र हात जोडून एक विनंती आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या मागे कोणी जाऊ नये. मीही जाणार नाही.