काकांची ग्रीनलंडमधली पंगत

सौदी अरेबियात राहून थंडीचं वेड लागलेला माणूस अख्ख्या वाळवंटात एकच असणार, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. रास तनुराच्या रिफायनरीत भट्ट्यांची देखभाल करण्यात काकांची बावीस वर्षं गेली. मूळचे नाशिकचे, काकूंच्या माघारी एकटे. सुट्टी मिळाली की आम्ही सगळे गावाकडे पळतो. काका चार दिवस नाशिकला तोंड दाखवतात आणि उरलेले दिवस ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यात काढतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "वर्षभर भाजून निघालेल्या माणसाला जरा निवायला नको?" परत आल्यावरही त्यांचं निवणं चालूच असतं. बाहेर अठ्ठेचाळीस अंश, आत एसी सोळावर, आणि सोफ्यावर माकडटोपी घातलेले काका. त्यांच्याकडे वाटीभर साखर मागायला जाताना मी शाल घेऊन जाते.

गंमत म्हणजे काकांच्या घरात तीन पिढ्यांत अंडं शिरलेलं नाही. ग्रीनलंडच्या त्या खेड्यात एका आजीबाईंनी पहिल्या दिवशी जमिनीवर पुठ्ठा अंथरला, त्यावर गोठलेला कच्चा मासा आणि सीलचं मांस ठेवलं आणि काकांच्या हातात सुरी दिली. "वाढलेल्या पानावरून उठायचं नाही, हे आईने शिकवलं होतं," काका सांगतात. "पानात काय असावं हेही शिकवलं होतं, पण ते आजींना कुठे ठाऊक?" त्यांनी डोळे मिटून खाल्लं, आणि दरवर्षी खायला लागले. एकदा आम्हालाही बोलावून त्यांनी फ्रीजरमधल्या हमूर माशाचे काप पुठ्ठ्यावर मांडले. माझी लेक म्हणाली, "काका, इट्स रॉ." काका शांतपणे म्हणाले, "बाळा, कच्चा नाही, थंडीने शिजलाय." माझे यजमान तेव्हापासून वरून हाक आली की अंघोळीला जातात.

पण खरा घोळ चित्राहुतीने घातला. जन्मभराच्या सवयीने काकांनी त्या पहिल्याच जेवणात माशाभोवती पाणी फिरवलं आणि एक काप बाजूला काढून ठेवला. पाणी सांडलं असं वाटून आजींनी पुठ्ठा पुसला आणि काप उचलून काकांच्या पुढ्यात सरकवला. काकांनी पुन्हा पाणी फिरवलं. आजींनी पुन्हा पुसला. तिसऱ्या खेपेला आजींनी इंग्रजी येणाऱ्या नातीला बोलावून विचारायला लावलं, की हा तुकडा कोणासाठी? आता चित्राहुतीचं शास्त्र इंग्रजीत कसं सांगायचं? काकांना काकू आठवल्या. ते म्हणाले, "जे पंगतीला नाहीत त्यांच्यासाठी." आजींनी आपल्या वाट्यातला एक तुकडा त्याच्याशेजारी ठेवला. त्यांचे यजमान समुद्रात गेले होते, ते परतलेच नाहीत.

गेल्या वर्षी निघताना काकांनी आजींना शब्द दिला, की पुढच्या खेपेला माझ्या हातचा आमटी-भात. यंदा आजींचं चालणं थांबल्याचं नातीने कळवलं, तसे काका घाईला आले. महिनाभर आधीच बॅगेत इंद्रायणी तांदूळ, गोडा मसाला, आमसुलं भरून ठेवली. आणि नेमकं इकाम्याचं, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचं, नूतनीकरण अडकलं. इकामा नाही तर देशाबाहेर जायचा व्हिसा नाही. काका रोज ऑफिसात जायचे आणि तिथला कारकून रोज प्रेमाने म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." त्या उद्याची वाट पाहण्यात सुट्टीची मंजूर तारीख निघून गेली. काका चिडले नाहीत, याचंच मला वाईट वाटलं.

त्या शुक्रवारी दुपारी त्यांनी बॅग उघडून त्यातल्याच सामानाचा आमटी-भात केला आणि आम्हाला बोलावलं. यजमानही अंघोळीला न जाता आले. जमिनीवर पुठ्ठा, त्यावर ताटं, समोर फोन. फोनवर आजी दिसल्या, उशीला टेकून बसलेल्या. त्यांच्याही पुढ्यात पुठ्ठा आणि मासा. काकांनी वाफाळती आमटी फोनजवळ धरली. आजींनी खरोखर वास घेतला आणि हसल्या. मग काकांना त्यांच्या पुठ्ठ्याच्या कडेला दोन तुकडे दिसले.

"एक आजोबांचा," काका नातीला म्हणाले. "दुसरा कोणाचा?"

नातीने आजीला विचारलं आणि म्हणाली, "तुमचा. तुम्ही आज पंगतीला नाही ना."

काकांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. मग ताटाभोवती पाणी फिरवलं, नेहमीसारखी काकूंसाठी चार शितं ठेवली, आणि शेजारी आणखी चार.