दोन खिडक्या, सहा दांड्या

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका भित्रा माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत शोधून सापडला नसता. दाजी कुत्र्याला भीत, वळूला भीत, पोस्टमनने नुसतं नाव पुकारलं तरी भीत. चुलीवर भात करपला की घराला आग लागली म्हणून आधी अंगणात जाऊन उभे राहत. उंब्रजला त्यांचं घर अगदी सडकेला लागून. येणारा-जाणारा आत बघतो आणि बघणाऱ्याच्या मनात काय असेल कुणी सांगावं, म्हणून त्यांना खिडक्यांना पडदे हवे होते. पण लढाईमुळे पितळी दांड्या सांगलीच्या बाजारातही मिळेनात. मग दाजींनी घरीच उद्योग मांडला. भंगारातले नळाचे तुकडे आणायचे, विटकरीने घासून गंज काढायचा, काजळी कालवलेलं जवसाचं तेल फासायचं, टोकांना लाकडी गट्टू ठोकायचे आणि भिंतीत वाकवलेल्या खिळ्यांवर दांडी ठेवायची. "डोक्यात पडली म्हंजी?" असं म्हणत प्रत्येक दांडीला आधी स्वतः लोंबकळून बघायचं.

बेचाळीसनंतरचे ते दिवस. गावोगाव झडत्या चालल्या होत्या. शेजारच्या तात्यांचा तरणा मुलगा भूमिगत होता. मी ताईकडे राहायला गेलो होतो, तेव्हाच तो तापाने फणफणत घरी आला. "दाजी, माज्या खिडक्यास्नी चार दांड्या करून द्या," तात्या हळूच म्हणाले. दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. पण सकाळभर ते मान खाली घालून नळ्या घासत होते.

दुपारी ओसरीवर सहा काळ्या नळ्या वाळत पडल्या होत्या, दोन घरच्या आणि चार तात्यांच्या. गट्टू ठोकायचे राहिले होते. तेवढ्यात दारात फौजदार उभा राहिला, मागे एक शिपाई.

"या बंदुकीच्या नळ्या कुणासाठी?"

ताई पुढे आली. "साहेब, पडद्याच्या दांड्या हाईत त्या."

फौजदाराने आत नजर फिरवली. "खिडक्या दोन, दांड्या सहा. बाकीच्या कुणाच्या?"

त्याच क्षणी भिंतीपलीकडून दाबलेला खोकला आला.

"समद्या माज्याच, साहेब," दाजी म्हणाले. "एका खिडकीला तीन पडदे लावनार. एकामागं एक. मला... मला लय भ्या वाटतं."

शिपाई गावचाच होता. तो फसकन हसला. "खरं हाय, साहेब. जत्रंतला सोंगाचा वाघ बघून हे देवळाच्या शिखरावर चढलं व्हतं!"

"मग लाव. माझ्यासमोर," फौजदार म्हणाला.

दाजी स्टुलावर चढले. पाय असे लटपटत होते, की ताईने ते दोन्ही हातांनी घट्ट धरले. पलीकडे खोकला सुरू झाला की दाजी खिळ्यावर धडाधड हातोडी हाणत. एक घाव अंगठ्यावर बसला, रक्त आलं, पण हातोडी थांबली नाही. तिसरी दांडी चढली तसा फौजदार कंटाळला. "भित्रा कुठला!" म्हणून सडकेला लागला.

ताप उतरल्यावर मुलगा निघून गेला. तात्या हात जोडायला आले, तर दाजी दचकून म्हणाले, "हळू बोला, तात्या. कुनी ऐकंल."

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. शूर माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली, त्यांची भाषणंही ऐकली. पण त्या दुपारी फौजदार गेल्यावरही दाजींना स्टुलावरून उतरता येत नव्हतं, आणि ताई त्यांचे पाय धरून हळूहळू म्हणत होती, "गेलं वो, गेलं. या आता खाली." ते काही केल्या मनातून जात नाही.